माणूस मोजायचा कुठे?



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्यासपीठावरून शिक्षणाविषयीच बोलावे, असे ठरवून मी आलो आहे. विषय थोडा आडवळणाचा वाटेल. आपल्याकडे पदव्युत्तर पातळीवर लोकसंख्या कशी शिकवली जाते, हा तो विषय. भूगोलाच्या विभागात 'लोकसंख्या भूगोल' नावाची एखादी प्रश्नपत्रिका असते. लोकसंख्याशास्त्राचा अभ्यासक्रम असतो तो दुसऱ्या इमारतीत, बहुधा दुसऱ्या शहरात. एकीकडे नकाशे रंगवले जातात, दुसरीकडे दर काढले जातात. नकाशा रंगवणाऱ्याला तो दर कसा निघाला हे ठाऊक नसते आणि दर काढणाऱ्याला त्या आकड्याखालची जमीन ठाऊक नसते. ही फारकत आपल्याला महाग पडते आहे, हेच माझे आजचे म्हणणे आहे. 'माणसे किती?' हा प्रश्न सोपा वाटतो. पण ती कुठे मोजली, वर्षाच्या कोणत्या महिन्यात मोजली, आणि कोणाला त्या गावचे मानले, हे विचारल्याशिवाय त्याचे उत्तर देताच येत नाही. आणि हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारायला शिकवणारे वर्ग आपल्याकडे फार थोडे आहेत.

दाखल्यापासून सुरुवात करू. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्याचा आकडा होता ९२९, मुंबई शहर जिल्ह्याचा ८३२. हा तक्ता एखाद्या हुशार विद्यार्थ्यापुढे ठेवला तर तो काय लिहील? रत्नागिरीत स्त्रीला मान आहे आणि मुंबईत नाही, असे? अशी वाक्ये लिहिली जातात, छापलीही जातात. आता त्याच रत्नागिरीतली सहा वर्षांपर्यंतची मुले पाहा. तिथे हजार मुलग्यांमागे ९३६ मुली आहेत. निसर्गतः मुलगे थोडे जास्तच जन्मतात, हजारामागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. म्हणजे लहानपणी या जिल्ह्यात मुली जास्त नाहीतच. मग मोठ्या वयात स्त्रियांचे पारडे एवढे जड कसे झाले? कारण पुरुष तिथे नाहीत. ते मुंबई शहराच्या ८३२ मध्ये आहेत, उपनगराच्या ८६० मध्ये आहेत. रत्नागिरीचा आकडा आणि मुंबईचा आकडा हे दोन आकडेच नाहीत. एका घराचे ते दोन तुकडे आहेत, एक गावी उरलेला आणि एक गिरणगावातल्या खोलीत गेलेला. गेल्या शंभर वर्षांच्या जनगणना उघडा, रत्नागिरीत स्त्रियांची संख्या प्रत्येक वेळी जास्तच दिसेल. चाकरमान्यांचा इतिहास त्या एका स्तंभात लिहिलेला आहे, पण तो वाचायला मुंबईचा स्तंभ शेजारी धरावा लागतो.

आता बीडकडे वळू. बीड जिल्ह्याचा २०११ चा एकूण आकडा ९१६. राज्याच्या सरासरीपासून फार लांब नाही; वाचणारा पुढच्या ओळीकडे जाईल. पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुली किती? ८०७. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, हाच आकडा ८९४ होता. एका दशकात हजारामागे ८७ मुली कमी झाल्या. गर्भलिंगनिदानावर देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करणारे राज्य आपले; केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. कायदा असताना हे घडले. लक्षात घ्या, रत्नागिरीचा डोळ्यांत भरणारा आकडा स्थलांतर सांगत होता आणि बीडचा शांत दिसणारा आकडा मुलींची हत्या झाकत होता. एकूण लिंग गुणोत्तर दोन्हीकडे फसवते. पहिल्या फसवणुकीतून सुटायला भूगोल लागतो, दुसरीतून सुटायला वयोगट उलगडून पाहण्याची लोकसंख्याशास्त्राची सवय लागते. दोन्ही एकाच डोक्यात नसतील, तर एका जिल्ह्याचे फुकट कौतुक होते आणि दुसऱ्या जिल्ह्याचा अपराध वाचायचाच राहून जातो.

भूगोलवाल्यांनाही याच तराजूने तोलू. राज्यांच्या ढोबळ मृत्युदराचा नकाशा रंगवला, तर केरळ बिहारपेक्षा गडद दिसेल, म्हणजे दर हजारी मरणे केरळात जास्त. केरळात आरोग्यसेवा वाईट आहे का? मुळीच नाही. तिथली माणसे जास्त जगतात, म्हणून म्हाताऱ्यांचे प्रमाण जास्त, म्हणून वर्षाला मरणारे जास्त. वयाची रचना काढून टाकून दर पुन्हा मांडला की नकाशा पालटतो. ही दुरुस्ती लोकसंख्याशास्त्राच्या पहिल्या सत्रात शिकवतात. भूगोलाच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या हाती ती शेवटपर्यंत पडत नाही, आणि चुकीचा नकाशा सुबक रंगांत छापला जातो. चुकीचा तक्ता कुणी फारसा पाहत नाही. चुकीचा नकाशा मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो, म्हणून तो अधिक घातक.

पण आज मला सर्वांत जास्त वेळ द्यायचा आहे तो पुढच्या दाखल्याला. ऊसतोड कामगारांचा दाखला. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरचा पाथर्डीकडचा भाग, जालना, परभणी इथून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, सीमेपलीकडे बेळगाव, अशा कारखान्यांच्या पट्ट्यात पाच-सहा महिने त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. या धंद्यात माणसे मोजायचे स्वतःचे एकक आहे: कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत बाई एकटी नसतेच, ती अर्धा कोयता असते. धंद्याची मोजणी ही अशी. सरकारची मोजणी कशी आहे?

२०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. हे दिवस ऊसतोडीच्या ऐन हंगामातले. नियम असा की, या वीस दिवसांत माणूस आपल्या नेहमीच्या घरी थोडा काळ जरी राहिला असेल तरी त्याला तिथे मोजायचे. पण सगळे वीस दिवस तो घराबाहेर असेल, तर जिथे सापडेल तिथे मोजायचे. नियम तर्काला धरून आहे, मी त्याला दोष देत नाही. पण त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. बीडच्या शिरूर कासार तालुक्यातले एखादे जोडपे कोल्हापूरच्या उसाच्या फडात असेल, तर ते बीडमध्ये मोजले जाणार नाही. कोपीवर प्रगणक पोचला तर ते कोल्हापूरचे होईल. पोचला नाही तर ते कुठलेच राहणार नाही. आणि गावात मागे राहिलेल्या आजीने 'आमचीच आहेत, उन्हाळ्यात येतील' म्हणून नावे सांगितली, प्रगणकाने ती लिहून घेतली आणि इकडे कोपीवरही नोंद झाली, तर ती दोनदा धरली जातील. यातले किती प्रमाणात काय झाले, हे सांगण्यासाठी कोणाला तरी त्या वीस दिवसांत दोन्ही टोकांना उभे राहावे लागेल. एक टोक गावात, दुसरे फडात. लोकसंख्या भूगोलाचा पदव्युत्तर प्रबंध यापेक्षा मोलाच्या कोणत्या कामावर खर्च व्हावा?

जनगणनेनंतर नमुना पाहणीचे पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीने हंगामी स्थलांतर मोजायचे ठरवले, तेव्हा व्याख्या करावी लागली. १९९९-२००० च्या फेरीत वर्षभरात साठ किंवा अधिक दिवस, पण सहा महिन्यांहून कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेला तो हंगामी स्थलांतरित. २००७-०८ च्या फेरीत साठाऐवजी एक महिना केला. माणसे तीच, रस्ते तेच. व्याख्या बदलली की संख्या बदलली. वरची मर्यादा मात्र सहा महिनेच राहिली. कारखान्याचे गाळप लांबले, पाऊस चांगला झाला, ऊस जास्त निघाला आणि मुक्काम सहा महिन्यांवर गेला, तर तेच जोडपे एका वर्षी हंगामी ठरते, पुढच्या वर्षी त्या व्याख्येतून निसटते. पावसावर माणसाची गणना बदलते! आणि घराघरांतून केलेल्या आरोग्य पाहण्यांचे काय? पाहणीची यादी घरांची असते. हंगामात गावातल्या घराला कुलूप असते आणि कोपी यादीत नसते. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. ज्या बायकांवर त्या झाल्या, त्या वर्षातले निम्मे दिवस आपल्या कोणत्याच यादीत नीट बसत नव्हत्या, ही गोष्ट त्या प्रश्नापासून वेगळी काढता येईल असे मला वाटत नाही.

बाईची गोष्ट निघाली म्हणून थोडे आणखी. स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कामासाठी शहर गाठणारा पुरुष येतो. २०११ च्या जनगणनेने जी पंचेचाळीस कोटींच्या आसपास माणसे स्थलांतरित म्हणून नोंदली, त्यांत दोनतृतीयांशांहून जास्त स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या पुढे कारण लिहिले आहे 'विवाह'. भूगोलतज्ज्ञ रेव्हन्स्टाइन याने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले, तेव्हाच त्याने नोंदवले होते की जवळच्या अंतरावर स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त हलतात. आपल्याकडे सासरी गेलेल्या मुलीला कोणी स्थलांतरित म्हणत नाही. पण ती सासरच्या शेतावर राबते, पुढे नवऱ्याबरोबर फडात जाते, आणि तिच्या नावापुढे कारण कायम 'विवाह' हेच राहते. एका शब्दाने तिचे काम पुसले जाते.

भूगोल आणि लोकसंख्याशास्त्र यांची ही फारकत नेहमीचीच होती का? नव्हती. अमेरिकन भूगोलतज्ज्ञांच्या संघाचे अध्यक्ष म्हणून ग्लेन ट्रेवार्था यांनी १९५३ मध्ये लोकसंख्या भूगोलाला स्वतंत्र स्थान मागितले, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांच्याच हाताखाली गुरदेव सिंग गोसल यांनी भारताच्या लोकसंख्येवर प्रबंध लिहून तो विषय पुढे चंदीगडला रुजवला. १९६१ च्या जनगणनेचे आयुक्त अशोक मित्र यांनी तर जनगणनेलाच दोन्ही डोळे दिले. तक्त्यांबरोबर नकाशासंग्रह आणि शेकडो निवडक गावांच्या सविस्तर पाहण्या त्यांनी करून घेतल्या, आणि पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ते हाच विषय शिकवत राहिले. आणि पुण्यात? गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या काळात घरोघर फिरून पाहण्या झाल्या, वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन आणि मृत्यू यांची पाहणी करून ती १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. स्वातंत्र्यानंतर अवघ्या सहा वर्षांत एका जिल्ह्याची जन्म-मरणाची कहाणी पायी फिरून गोळा केलेली आपल्या हाती होती.

मग तुटले कुठे? माझे मत असे की, सरकारने विचारलेल्या प्रश्नाने विषयाचा आकार ठरवला. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढची चाळीस वर्षे लोकसंख्याशास्त्राला एकच गोष्ट विचारली गेली: जन्म कमी कसे करायचे? १९५६ मध्ये मुंबईत भारत सरकार, दोराबजी टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या साहाय्याने जी प्रशिक्षण संस्था निघाली, तीच आजची देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था. तिने उत्तम काम केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा भार ती १९९२-९३ पासून वाहते आहे. पण देशभरच्या विषयाचे वजन जननाकडे झुकले ते झुकलेच. मरण थोडे मागे पडले, स्थलांतर फार मागे पडले, आणि स्थलांतराबरोबर जागा मागे पडली. जन्म कमी करण्याचा तो प्रश्न चुकीचा नव्हता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा तो धाडसाचा प्रश्न होता, आणि स्त्रीच्या सुटकेचा होता. पण एका प्रश्नावर बांधलेले शिक्षण तो प्रश्न सुटत आला की रिकामे पडते. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.७ होता, देशाचा २.०. पिढी टिकवायला २.१ लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो. जन्म कमी झाले, प्रश्न संपला, मग हा विषय कशाला? मी म्हणतो, प्रश्न आता सुरू होतो. जन्म सगळीकडे कमी झाले की गावांतला फरक जन्माने पडत नाही. कोण गेले, कोण राहिले, कोण म्हातारे झाले, याने पडतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गही घटला. आणि याच दशकात मुंबई शहर जिल्हाही घटला, साडेसात टक्क्यांनी. ठाणे जिल्हा मात्र छत्तीस टक्के वाढून एक कोटी दहा लाखांवर गेला. कोकणातले घटणे आणि लालबाग-परळचे घटणे एका शब्दात मावते, पण कारणे सर्वस्वी वेगळी आहेत. एकीकडे तरुण निघून गेले आहेत आणि दुसरीकडे गिरण्या जाऊन तिथल्या कामगाराला कल्याण-विरारची वाट धरावी लागली आहे. कोकणात शाळेत मुले नाहीत, कल्याण-विरारला शाळेत जागा नाही. या सगळ्याचे नियोजन जननदर पाहून कसे होणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उपग्रह आहेत, मोबाइलच्या नोंदी आहेत, लाखो घरांच्या पाहण्या आहेत. विद्यार्थ्याला वही घेऊन फडात कशाला पाठवायचे? या साधनांचे मोल मी कमी लेखत नाही. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत सहा लाखांहून जास्त घरे होती. पण ही घरे निवडण्याची चौकट २०११ च्या जनगणनेतून आली होती. चौकट जुनी झाली की तिच्यावर टांगलेला नमुना कितीही मोठा असला तरी जुनाच होतो. उपग्रहाला छप्पर दिसते, छपराखाली कोण आहे हे दिसत नाही. कोपीला तर धड छप्परही नसते. मोबाइलची नोंद फोन कुठून कुठे गेला ते सांगते. ज्या बाईकडे फोन नाही ती त्यात नसते, आणि ज्याच्याकडे आहे तो का गेला, परत केव्हा येणार, मुलांना कुठे ठेवले, हे फोन सांगत नाही.

तिसरा आक्षेप प्राध्यापक मंडळींकडून येतो आणि तो प्रामाणिक आहे. दोन विषय एकत्र केले तर विद्यार्थी दोन्हींत कच्चा राहील. ही भीती खरी ठरू शकते, दोन्ही विषयांची वरवरची ओळख करून दिली तर. म्हणून मी प्रश्नपत्रिका वाढवा असे म्हणत नाही. उलट कमी करा. पहिल्या वर्षी प्रत्येकाने एका तालुक्याची जीवनसारणी हाताने मांडावी: एक लाख जन्मलेल्यांपैकी प्रत्येक वयाला किती उरतात ते पायरीपायरीने काढावे, म्हणजे आयुर्मान हा आकडा कशातून निघतो ते बोटांना कळते. त्याच तालुक्याचा नकाशा गावनिहाय करावा. आणि दुसऱ्या वर्षी एकाच गावात तीनदा जावे, दिवाळीनंतर, फेब्रुवारीत आणि जूनमध्ये. एका गावात तीन वेगवेगळ्या लोकसंख्या सापडतील. तीन महिने, तीन आकडे, तिन्ही खरे. हे ज्याने स्वतः मोजले, त्याला व्याख्या म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागणार नाही. नोकरी कुठे, असे पालक विचारतील. महानगरपालिका, जिल्हा परिषदा, विमा, आरोग्य, शहर नियोजन, सगळ्यांना अशी माणसे हवी आहेत. त्यांची पदे आज निराळ्या नावांनी भरली जातात, इतकेच.

शेवटची बाजू हक्काची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्याचा राज्याचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर बांधला गेला आणि त्यानंतर जनगणना झालीच नाही. १९७६ मध्ये लोकसभेच्या राज्यनिहाय जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवल्या गेल्या. २००१ च्या घटनादुरुस्तीने ही गोठण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. माणूस कुठे मोजला गेला यावर त्याचे धान्य ठरते, त्याच्या वस्तीची अंगणवाडी ठरते, उद्या त्याच्या मतदारसंघाची हद्दही ठरेल. सहा महिने बीडमध्ये आणि सहा महिने फडात राहणाऱ्याचे वजन कोणत्या पारड्यात टाकायचे, हा निर्णय कारकुनी नाही. तो लोकशाहीचा निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्याने दोन्ही गावे पाहिलेली असली पाहिजेत.

पुढच्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आहे. संदर्भ दिवस १ मार्च २०२७. म्हणजे प्रगणक पुन्हा फेब्रुवारीतच दारोदार जातील, गाळप चालू असेल, गावांतल्या घरांना कुलपे असतील आणि फडाकडेला कोप्या असतील. या सभागृहात विद्यापीठांचे, महाविद्यालयांचे पदाधिकारी बसले आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. त्या महिन्यात भूगोलाच्या आणि लोकसंख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांची परीक्षा ठेवू नका. दोघांच्या जोड्या लावा, एकाला बीडच्या गावात पाठवा, दुसऱ्याला कोल्हापूरच्या फडावर, आणि मार्चमध्ये दोघांच्या वह्या एका टेबलावर उघडा.